कोरडी मावशी

माझी आई माल्सुन दक्षिण कोरियातल्या तोंगयंग बंदराच्या मासळीबाजारात सुकी मांदेली विकते. तिच्याशी घासाघीस करायला बाजारात कुणी धजत नाही. एकदा सोलहून आलेल्या एका गॉगलवाल्या बाईनं मूठभर मांदेली हातात घेऊन नाक मुरडलं आणि "जुनी दिसतेय" म्हणाली. आई म्हणाली, "तुमच्यापेक्षा नवीनच आहे, बाई. घ्यायची तर घ्या, नाहीतर पुढे व्हा." बाई गुमान दोन खोके घेऊन गेली.

अशी ही माझी आई. जकातीच्या साहेबाला भ्यायली नाही, वादळाला भ्यायली नाही, वर्षातले दहा महिने बोटीवर असणाऱ्या माझ्या वडलांना तर नाहीच नाही. आयुष्यभर भ्यायली ती एकाच गोष्टीला: लोक काय म्हणतील. आणि त्या भीतीपायी आमच्या घरात बावीस वर्षं काय राहायला आलं होतं, ते मला सांगायचंय.

आईचं माहेर एका लहानशा बेटावर. आजीला मुलगा हवा होता. मुलीवर मुली होत राहिल्या, त्यातल्या बहुतेक लहानपणीच गेल्या. मग आई झाली, तिचं नाव ठेवलं माल्सुन, म्हणजे शेवटची. तरी तीन वर्षांनी आणखी एक आलीच. तिचं ठेवलं गुतसुन, म्हणजे आता खरोखरच संपलं. ही माझी मावशी. मी जन्मायच्या दोन वर्षं आधी ती गेली. पुसान शहरात बुटांच्या कारखान्यात कामाला होती, सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर खडकांवर फिरायला गेली आणि लाटेनं ओढून नेलं, असं मला लहानपणापासून माहीत होतं. लग्न व्हायचं होतं तिचं. मूलबाळ नाही, म्हणून थडगं नाही, श्राद्धाचं पान नाही. आमच्याकडे अशा पोरींचं काही करत नाहीत. करणार कोण?

आमच्या गच्चीवर आंबवलेल्या सोयाबीनचे रांजण आहेत. आई रोज पहाटे त्यातल्या मोठ्या रांजणाच्या झाकणावर पांढऱ्या वाडग्यात स्वच्छ पाणी ठेवायची. पुष्कळ बायका ठेवतात, देवासाठी. फरक एवढाच, की आमचा वाडगा संध्याकाळपर्यंत कोरडा व्हायचा. उन्हाळ्यात व्हायचा, तसाच थंडीतही व्हायचा. मी विचारलं की आई म्हणायची, "मांजर पितं." मी त्या गच्चीवर अभ्यास करून लहानाची मोठी झाले. मांजर मला एकदाही दिसलं नाही.

आणि मावशी आईच्या स्वप्नात यायची. सकाळी आई गप्प असली, भात वाढताना डावाचा आवाज जरा जास्त झाला, की मी ओळखायची.

"काल आली होती का गं?"

"जेव मुकाट्यानं."

एकदाच, मी दहाएक वर्षांची असताना, तिच्या तोंडून निघून गेलं. "काही बोलत नाही," म्हणाली. "दारात उभी राहते. ओठ फुटलेले असतात. अंग कोरडं, केस कोरडे. वाळवणासारखी कोरडी." नंतर ती इतकी घाबरली, की मला बजावलं, आजीपाशी हे अजिबात काढायचं नाही. मला त्यात लपवण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही. मी लहान होते, आणि बुडालेल्या माणसांबद्दल मला काही माहीत नव्हतं.

मी कॉलेजला पुसानला गेले. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघी. त्या वर्षी सरकारनं बारा वर्षांच्या मुलींना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस फुकट द्यायला सुरुवात केली होती. आम्ही वीस वर्षांच्या, म्हणजे फुकटच्या पंगतीतून उठवलेल्या. त्यावरून खोलीत रोज संध्याकाळी परिषद भरायची. माझ्या शेजारच्या पलंगावरची यॉउल हिशेबशास्त्र शिकायची आणि तिची जीभ कात्रीसारखी चालायची.

"मी घेणार," यॉउल म्हणाली. "माझ्या ताईनं घेतली, तिला काही झालं नाही. येडी होती ती आधीपासूनच."

"मी नेटवर वाचलं, जपानमध्ये एका मुलीचे पायच गेले," दुसरी म्हणाली.

"नेटवर तर तुला गेल्या महिन्यात राजपुत्र पण भेटला होता. त्याचं काय झालं?"

तिसरी उशीत तोंड खुपसून म्हणाली, "मला काय करायचीय? मला मित्रच नाही."

"अगं बये, छत्री पाऊस पडायच्या आधी घेतात," यॉउल म्हणाली. "आणि उन-ब्यॉल, तू का तोंड शिवून बसलीस? शनिवारी माझ्याबरोबर चल. एकटीला मला त्या दवाखान्यात बसायची लाज वाटते."

खरी गोष्ट तीच होती. सुई दंडालाच, पण ती मिळायची बाळंतपणाच्या दवाखान्यात. तिथे पोट पुढे आलेल्या बायकांच्या रांगेत कॉलेजची पोरगी बसली, की बघणाऱ्यांच्या मनात एकच हिशेब होतो. मी हो म्हटलं खरं, पण जायचं माझ्या मनात नव्हतं. म्हणून मी आईला फोन केला. बाजारातला गलका ऐकू येत होता. मी सांगितलं, तशी आई फोन घेऊन खोक्यांच्या मागे गेली.

मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "लग्न व्हायचंय तुझं. तिथे बाळंतिणींच्या रांगेत कुणी पाहिलं, तर लोक काय म्हणतील?"

"आई, फक्त सुई आहे."

"लग्न झाल्यावर घे."

मी काही मोठी आज्ञाधारक मुलगी नाही. मला निमित्त हवं होतं, ते मिळालं. शनिवारी यॉउल एकटीच गेली आणि दंड चोळत परत आली. "डास चावला असता तर जास्त ओरडले असते," म्हणाली. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला.

"गेली नाहीस ना तू?"

"नाही गेले."

"वाडगा आज दुपारीच कोरडा झाला," आई म्हणाली. "मी पुन्हा भरला. तोही कोरडा झाला."

मी म्हटलं मांजर असेल. फोन बराच वेळ तसाच चालू होता आणि पलीकडे श्वास ऐकू येत होता. तो आईचाच असणार, असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्याच महिन्यात बेटावरून निरोप आला, की आजीला गुतसुनचा जीव पाण्यातून काढायचाय. मरायच्या आधी शेवटचं.

आमच्या दक्षिण किनाऱ्यावर ही रीत आहे. माणूस बुडालं आणि देह मिळाला नाही, की देवऋषीण बोलावतात. वाडग्यात तांदूळ भरतात, झाकण लावतात, कापडात बांधतात आणि लांब पांढऱ्या पट्ट्याला अडकवून समुद्रात सोडतात. ढोल वाजतो, देवऋषीण मेलेल्याला नावानं हाका मारते. मग वाडगा वर ओढून उघडायचा. तांदळात केस सापडला, तर जीव आला. नाही सापडला, तर आला नाही. आजीनं मावशीसाठी हे दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा तांदूळ स्वच्छ निघाला होता.

"पोरगी माझ्यावर रुसलीय," आजी प्रत्येक वेळी म्हणायची. "असलं नाव ठेवलं मी तिचं. रुसणारच."

आई येणार नव्हती. मालाचा दिवस आहे, पाठ धरलीय, काय वाटेल ती कारणं काढली. शेवटी मीच म्हटलं की मी एकटी जाते. तेव्हा मुकाट्यानं बोटीत येऊन बसली. सगळ्या वाटेत तिनं पाण्याकडे एकदाही पाहिलं नाही.

सकाळी आजीनं मला समोर बसवलं आणि माझे केस विंचरले. असं तिनं मी शाळेत जायला लागल्यापासून केलं नव्हतं. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. त्या सत्रात मी ते तपकिरी रंगवले होते. आजी म्हणाली, "हे काय, गंजल्यासारखे केलेस?" पण फणी मात्र फार हळू फिरवत होती.

दुपारी आम्ही धक्क्यामागच्या खडकांवर गेलो. गावातल्या आठदहा बायका जमल्या होत्या. देवऋषीण चारचौघींसारखीच, अंगात फुगीर जाकीट आणि पायात गमबूट. येताना बोटीत ती फोनवर कुणाशी तरी कोबीच्या भावावरून भांडत होती. तिच्याबरोबर ढोल वाजवणारा एक म्हातारा. मला वाटलं होतं, हसू येईल. पण वारा अजिबात नव्हता. पाणी तेल ओतल्यासारखं पसरलं होतं, आणि धक्क्यावर नेहमी कलकलाट करणारे पक्षी गप्प बसून होते. सगळेच्या सगळे आमच्याकडे तोंड करून.

वाडगा खाली गेला. पांढरा पट्टा हिरव्या पाण्यात जात राहिला, जात राहिला, संपला.

"गुतसुन!" देवऋषीण ओरडली. "ये गं बाई! तुझी आई आलीय! ताई आलीय! भाची आलीय!"

आई पाण्याकडे पाठ करून उभी होती. एका हाताची बोटं तिनं दुसऱ्या हातात इतकी आवळली होती, की पांढरी पडली होती. ती घाबरली आहे हे दिसत होतं, पण तिच्या चेहऱ्यावर मला आणखी काहीतरी दिसलं, ज्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. वाडग्यात काही सापडणार नाही अशी तिची खात्री होती, आणि त्या खात्रीनंच ती कशीबशी उभी होती.

पट्टा वर आला. देवऋषिणीनं गाठी सोडल्या, झाकण काढलं. तांदळात बोटं फिरवली आणि थांबली. मला तिचा चेहरा नीट दिसत होता. तीसुद्धा दचकली होती.

तिनं केस वर ओढला. ओढत राहिली. लांबलचक होता. तिचा हात डोक्याच्या वर गेला, तेव्हा कुठे त्याचं टोक तांदळातून सुटलं.

बायकांनी गळा काढला. "आली! आली गं पोरगी!" आजी रडली नाही. ती केसाकडे बघतच नव्हती. ती माझ्या आईकडे बघत होती.

आणि आई माझ्याकडे. तीन ढांगांत ती माझ्यापाशी आली, मला दंडाला धरून पाण्यापासून मागे ओढलं. देवऋषिणीच्या हातातून केस हिसकावला आणि माझ्या केसांना लावला. डोक्यापासून कमरेपर्यंत, तेवढाच भरला. तिच्या डोक्यात काय आलं ते तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. बुडालेलं माणूस असं सुटत नाही. आपल्या जागी दुसरं कुणी ओढून घेतं, तेव्हा सुटतं. हे आमच्याकडे पोहायला शिकण्याआधी शिकवतात.

"तिथे कोणी नाहीये!" आई किंचाळली. "कुणाला बोलावताय? कोण आलंय? ती पाण्यात नाहीये!"

ढोल थांबला.

"माल्सुन," आजी म्हणाली. "बोल."

"ती बुडलीच नाही, आई. मी खोटं सांगितलं. तिनं माझ्यासमोर दवाखान्यात जीव सोडला, पुसानला. कॅन्सर होता, गर्भाशयाच्या तोंडाशी. वर्षभर तिचं रक्त जात होतं. शेवटी शेवटी पाणी पाणी करायची, आणि घोटभर द्यायचीसुद्धा मनाई होती. मी दिलं नाही. मला म्हणाली, आईला सांगू नकोस, गावात नाव जाईल. मी जाळलं तिला आणि तिथल्याच टेकडीवर राख सोडली आणि इथे येऊन लाटेचं सांगितलं."

"वर्षभर रक्त जात होतं, आणि दाखवलं नाही?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

आई त्या बाईकडे वळली नाही. आजीकडेही नाही. ती माझ्याशी बोलत होती.

"विचारलं होतं तिनं मला. ताई, दवाखान्यात जाऊ का? मी म्हटलं, लग्न व्हायचंय तुझं. तिथे बाळंतिणींच्या रांगेत कुणी पाहिलं, तर लोक काय म्हणतील?"

शब्द तेच होते. मला फोनवर सांगितलेले, त्याच हळू आवाजातले, जसेच्या तसे. ते बावीस वर्षं तिच्या तोंडात होते आणि माझी पाळी आली तेव्हा आपसूक बाहेर पडले होते. मला आईचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी तिला मिठीत घ्यावंसंही वाटलं. मी यातलं काहीच केलं नाही. नुसती उभी राहिले.

आजीनं काठी टेकत टेकत आईपर्यंतचं अंतर कापलं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "सगळं नाही. पण पाण्यात नाही हे माहीत होतं. तुझा बाप बुडाला, तो स्वप्नात येतो तेव्हा अंथरूण ओलं करून जातो. ही कोरडी यायची. माझ्याही दारात."

"मग तीन तीनदा वाडगा का सोडलास?"

"तू बोलावंस म्हणून. पहिल्यांदा बोलली नाहीस. दुसऱ्यांदा नाही. मी किती वर्षं थांबू?"

आईनं खडकावर बसकण मारली आणि लहान पोरीसारखं भोकाड पसरलं. बाजारात गर्जना करणारी माझी आई. बायकांनी माना फिरवल्या. कुणी काही म्हटलं नाही. इतकी वर्षं ज्या 'लोक काय म्हणतील' ला ती भ्यायली, ते लोक हेच होते, आणि त्यांच्यातली एक म्हातारी डोळे पुसत तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

आईच्या हातून सुटलेला केस माझ्या हातात राहिला होता. मला वाटलं, आजीनं सकाळी फणीतून काढून ठेवला असणार. युक्ती करायला म्हातारी काही कमी नव्हती. मी तो उन्हाकडे धरला. मुळापासून टोकापर्यंत काळाभोर होता. माझे तर तपकिरी. आजीचे पांढरे, आईचे कुरळे आणि आखूड. मी आजीकडे पाहिलं. तिनं हळूच मान हलवली, नाही म्हणून, आणि तेव्हा पहिल्यांदा मला ती घाबरलेली दिसली. मी केस पाण्यात सोडून दिला. तो बुडाला नाही. वारा नव्हता, तरी खडकाला लागून आमच्या मागे मागे धक्क्यापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंगयंगला उतरल्यावर आई बाजारात गेलीच नाही. मला घेऊन थेट मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात गेली. मी म्हटलं, "पुसानला घेते ना मी, तिथे कोण ओळखतंय?"

"म्हणूनच इथे," आई म्हणाली.

काचेच्या दारासमोरच्या पहिल्या खुर्चीत ती ऐसपैस बसली. मला शेजारी बसवलं. रस्त्यावरून जाणारं प्रत्येक माणूस दिसत होतं, म्हणजे आम्हीही त्यांना दिसत होतो. थोड्याच वेळात सुक्या माकुळांचं दुकान असलेली पार्कबाई दारातून डोकावली. बाजारातलं वर्तमानपत्रच ते.

"काय गं माल्सुन, आजी होणार की काय?"

माझे कान तापले. आई मोठ्यानं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "आजी व्हायला आधी पोरगी जिवंत राहावी लागते. कॅन्सरची सुई द्यायला आणलीय. तुझ्या दोघींनाही आण. उद्या आण. नाही आणलंस तर मीच घेऊन येईन."

पार्कबाई तशीच मागे फिरली. पण एक सांगायला हवं, तिनं आणलं. बाजारातल्या आणखी काहीजणींनीही मुलींना आणलं. नाहीतर आई गिऱ्हाइकांसमोर विचारायची.

आतमध्ये डॉक्टरीणबाईंनी मला नेहमीचे प्रश्न विचारले. मग सहज म्हणाल्या, "घरात कुणाला हा आजार होता?"

"माझ्या बहिणीला," आई म्हणाली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच हा प्रश्न तिला कुणी सरळ विचारला असावा.

"काळजी करू नका, तो तसा घराण्यातून येत नाही. विषाणूनं होतो."

"येत नसला तरी लिहा. नाव लिहा तिचं."

"नावाची खरंच गरज नाही, बाई."

"मला आहे," आई म्हणाली. "ग्वाक गुतसुन. वय सव्वीस. लिहा."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. सुई टोचली, मी दंडाला कापसाचा बोळा दाबून धरला आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आई भात वाढत होती. डावाचा आवाज होत नव्हता. मी गच्चीवर जाऊन आले. कालचा वाडगा काठोकाठ भरलेला होता.

"काल आली होती का?" मी विचारलं.

"आली होती."

"ओली?"

"नाही. कोरडीच." आईनं माझ्या वाडग्यात भात वाढला. "दारात नव्हती पण. आत आली, माझ्याजवळ बसली. दंडाला बोळा दाबून धरला होता तिनं. तू धरला होतास ना, तसा."

"काही बोलली?"

आईनं माझ्यापुढे वाडगा ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

"म्हणाली, 'ताई, एवढंच होतं होय?'"